माळवद, कवेलू आणि स्लॅब

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. म्हणीचा रोख खर्चावर आणि दगदगीवर आहे. बांधून झालेल्या घरात वैशाखातल्या दुपारी बसून पाहावे, असे मात्र ती सांगत नाही. ज्या काळी ही म्हण रूढ झाली, त्या काळी तसे सांगण्याची गरजही नसावी. आज नार्नूरच्या एखाद्या गल्लीतून मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास चक्कर मारली, तर नव्या घरांतील माणसे जुन्या घरांच्या ओसरीवर येऊन बसलेली दिसतात. लाखो रुपये घालून बांधलेल्या घरातून उठून माणूस शेजारच्या मातीच्या ओसरीवर पथारी टाकतो, याचा अर्थ काय, या प्रश्नाने सेवानिवृत्तीनंतर आम्हांस बराच काळ गुंतवून ठेवले. त्यातून जे हाती लागले, ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हवामान. आपला हा डोंगराळ मुलूख दोन टोकांचा आहे. मे महिन्यात आदिलाबाद जिल्ह्यातील पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांना सहज टेकतो. पौषात पहाटे तोच पारा एक आकडी होतो. पौष पौर्णिमेला नार्नूरला खामदेवाची जत्रा भरते. तोडसम कुळातील लेक नवसाचे तिळाचे तेल पिते, तो सोहळा पाहायला दूरदूरहून माणसे येतात. त्या रात्री जत्रेत मुक्काम केलेल्यांना इथल्या थंडीचे वर्णन करून सांगावे लागत नाही. या दोन टोकांच्या मध्ये पावसाळ्याचे चार महिने दमट हवेचे. म्हणजे इथल्या घराला ऊन, गारठा आणि दमटपणा या तिघांशीही जमवून घ्यावे लागते, आणि तिघांच्या मागण्या एकमेकांशी जुळणाऱ्या नाहीत.

आपली घराणी या मुलखात आली ती निजामाच्या राजवटीत. कोणी नांदेड-परभणीकडून, कोणी पैनगंगा आणि वर्धा ओलांडून वऱ्हाड-चांद्याकडून. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, किनवट आणि राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि आपण इकडेच राहिलो. हैदराबाद संस्थान, आंध्र प्रदेश आणि २०१४ पासून तेलंगणा अशी पाटी बदलत गेली. घरातली भाषा तेवढी तीच राहिली. भाषेबरोबर पूर्वजांनी आणखी एक गोष्ट गाडीत घालून आणली होती, ती म्हणजे घर बांधण्याची रीत. मराठवाड्याकडून आलेल्यांनी माळवद आणले, विदर्भाकडून आलेल्यांनी कवेलू आणले. नार्नूरच्या जुन्या वस्तीत अजूनही पाच-सात घरे अशी आहेत की, त्यांच्या छपराकडे पाहून घराणे कोणत्या वाटेने आले ते सांगता यावे.

आमचे आजोबा नांदेडच्या बाजूचे. त्यांनी बांधलेले घर माळवदाचे, सात खणांचे. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, त्यांवर लहान लाकडांची किलचण, तिच्यावर तुराट्यांचा थर आणि सर्वांत वर हातभर पांढरी माती चोपून बसविलेली. भिंती दीड-दोन हात जाड, मातीच्या. खिडक्या मोजक्या आणि लहान. माळवदाला एक साणे होते. त्यातून धूर वर जाई आणि दिवसा उजेडाचा एक कवडसा माजघरात फिरत राही. पुढे ओसरी, मागे परस, परसात कडुनिंब. या घराचा आराखडा कोणी कागदावर काढला नव्हता. गवंड्याला तो पाठ होता आणि घरधन्याला तो मान्य होता.

आपल्या पूर्वजांनी इथे येऊन काही नवे शिकूनही घेतले. गोंड शेजाऱ्यांची घरे हलकी असत. बांबूच्या तट्ट्यांना मातीचा लेप दिलेल्या कुडाच्या भिंती, उतरते छप्पर आणि भिंतीवर ऊन-पाऊस येऊ नये इतके खाली ओढलेले वळचण. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेन्डॉर्फ १९४० च्या दशकात इथून जवळच मार्लवाईला राहून गेले. आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. मार्लवाईला आम्ही शासकीय कामानिमित्त अनेकदा गेलो आहोत. तिथल्या जुन्या घरांच्या वळचणीखाली वाकून शिरावे लागते. शिरताना कपाळ सांभाळावे लागते खरे, पण भिंत मात्र दुपारीही तापलेली नसते. आपल्या लोकांनी माळवदाच्या घराला पुढे कवेलूची पडवी जोडली, ती बहुधा हे पाहूनच जोडली असावी. जाड भिंतीचा उपयोग होताच. त्या भिंतीवर ऊनच पडू न देण्याचा शहाणपणा या मातीतला.

हे घर गार का राही, याचे उत्तर सोपे आहे, पण ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उमगणार नाही. माती उष्णता अडवते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती उष्णता साठवते आणि सावकाश पुढे सरकवते. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीवर दुपारी एक वाजता पडलेले ऊन आतल्या बाजूला जाणवायला किमान दहा-बारा तास लागतात. तोवर मध्यरात्र झालेली असते, बाहेरची हवा निवालेली असते आणि घरातील माणसे अंगणात बाजा टाकून झोपलेली असतात. पहाटेपर्यंत दारे उघडी असल्याने भिंत रात्रभरात आपली उष्णता सोडून देते आणि सकाळी पुन्हा नव्याने ऊन झेलायला सज्ज होते. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांच्या आसपास अंतर असते. या अंतरावरच हा सारा व्यवहार चालतो. समुद्रकाठी, जिथे रात्रही दिवसासारखीच उकडते, तिथे नुसती जाड भिंत फारशी उपयोगी पडत नाही.

यात घरातल्या माणसांचीही एक शिस्त होती, ती आता विसरली गेली. सकाळी आठ-नऊच्या सुमारास खिडक्या लावायच्या, दाराला ओला वाळ्याचा पडदा सोडायचा, दुपारी ओसरी मोकळी ठेवून माजघरात जायचे, सूर्य मावळला की सगळी दारे उघडायची, अंगणात पाणी शिंपडायचे. घर स्वतःहून गार राहत नसे. घरातली माणसे दिवसातून दोनदा ते चालवीत. आजच्या भाषेत सांगायचे तर विजेचे बटण नव्हते, त्याऐवजी दाराची कडी होती.

एवढे सगळे चांगले होते, तर मग लोकांनी माळवद का सोडले? इथे आमच्या वयाच्या माणसांची एक सवय आडवी येते. गतकाळाचा गारवा आठवला की आपण थांबतो. पुढची गोष्ट सांगत नाही. ती सांगायलाच हवी.

पहिले कारण किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. आपल्यापैकी कित्येकांचे सोयरे त्या भागातले. जी घरे कोसळली, ती बहुतेक आपल्याच जातकुळीची होती : चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर वर्षानुवर्षे माती टाकून टाकून जड झालेले माळवद. पुढे जाणकारांनी जे सांगितले, ते फार महत्त्वाचे आहे. दोष मातीचा असण्यापेक्षा जोडणीचा होता. भिंतीच्या दोन थरांना बांधून ठेवणारे लांब दगड नव्हते, चारही भिंतींना कवेत घेणारा पट्टा नव्हता, छतावरची माती गरजेपेक्षा किती तरी जास्त होती. पुष्कळ ठिकाणी लाकडी खण उभे राहिले आणि भिंती ढासळल्या. पण हे अहवालांत राहिले. लोकांच्या मनात एकच गोष्ट उरली की, माती माणसे मारते. त्या वर्षी नार्नूरला धरणीचा धक्का बसला नव्हता, तरी पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत गावातील चार-पाच माळवदे उतरवली गेली.

दुसरे कारण लाकूड. सात खणांना जे सागवान लागे, ते आजोबांच्या काळी जंगलातून बैलगाडीने येई. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तो काळ संपला आणि तो संपला हे योग्यच झाले. २०१२ साली कवाल अभयारण्य व्याघ्रप्रकल्प झाले. आज कोणी सात खणांचे नवे माळवद बांधू म्हणेल, तर त्याला घर बांधण्यापूर्वी जंगल विकत घ्यावे लागेल.

तिसरे कारण आम्हांस आमच्या काकूंनी सांगितले. २०२१ साली जुन्या घराचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या भावकीत निघाला. तुळईला वाळवी लागली होती, पावसाळ्यात दोन खण गळत होते. शहरात राहणाऱ्या मुलांचे म्हणणे होते की सगळे पाडून स्लॅब टाकावा आणि वर एसी बसवावा. आम्ही आणि आमचे धाकटे बंधू मातीच्या घराच्या बाजूने बोलत होतो. भिंतीच्या जाडीवर, साण्यातल्या कवडशावर, आजोबांच्या दूरदृष्टीवर बरेच बोलणे झाले. काकू कोपऱ्यात तांदूळ निवडत ऐकत होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या काकू त्या घरात एकट्या राहतात. आमचे बोलणे संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘गारवा तुम्ही घेता बाबा, सारवणं आम्ही घेतो. साठ वर्षं घेतलं. आता गुडघे नाही म्हणतात. तुमच्यापैकी कोण येतो सारवायला, तेवढं आधी सांगा.’’

त्यावर कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच. आठवड्यातून एकदा जमीन सारवायची, सणाला भिंती पोतेऱ्याने लिंपायच्या, मृगाच्या आधी माळवदावर नवी माती चढवायची, पावसात गळू लागले की रात्री उठून भांडी मांडायची. मातीच्या घराला विजेचे बिल येत नसे याचे एक कारण असे की, ते बिल घरातील बायका अंगमेहनतीने फेडत होत्या. मातीच्या घरांविषयी आजकाल शहरांतून जे कौतुकाचे बोलले जाते, त्यात हा हिशेब क्वचितच मांडलेला असतो. इजिप्तमधील प्रख्यात वास्तुविशारद हसन फाथी यांनी १९४० च्या दशकात गुर्ना नावाच्या गावासाठी मातीच्या विटांची, घुमटांची, अत्यंत देखणी आणि गार घरे उभारली. गावकऱ्यांनी तिथे राहायला जाण्यास नकार दिला. नकाराची कारणे निराळी होती, परंतु बोध एकच. घर कितीही शास्त्रशुद्ध असो, त्यात जिला राहायचे आहे तिला आधी विचारले पाहिजे.

आता स्लॅबची बाजू पाहू. आम्ही चाकरीत असताना घरकुलाच्या एका योजनेतील वस्त्या पाहण्याचे काम वारंवार अंगावर येई. एक खोली, एक स्वयंपाकाची जागा, चार इंची स्लॅब किंवा सिमेंटचे पत्रे, पश्चिमेला खिडकी, झाड एकही नाही. लाभार्थ्याला हक्काचे, न गळणारे, सापविंचवाची भीती नसलेले घर मिळे, ही गोष्ट लहान नव्हे. पावसाळ्यात त्या घरांतील माणसांच्या चेहऱ्यावरचे समाधान आम्ही पाहिले आहे. उन्हाळ्यात तीच माणसे घराबाहेर, घराच्याच सावलीत बसलेली असत आणि सावली जसजशी सरके, तसतशी बाज सरकवत.

याचे कारण पुन्हा तेच, उष्णतेच्या प्रवासाचे. मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून भिंतींपेक्षा छतावर ऊन अधिक पडते. चार-पाच इंची काँक्रीट ती उष्णता सुमारे तीन तासांत आतल्या बाजूला पोचवते. म्हणजे बाराचे-एकचे ऊन चार वाजता छताच्या खालच्या अंगाला येते आणि मध्यरात्रीपर्यंत खाली झोपलेल्या माणसावर उतरत राहते. रात्री स्लॅबला हात लावून पाहावा, तव्याची आठवण होते. पंखा लावला तर तो हीच छताखालची तापलेली हवा खाली ढकलतो. मग एसी येतो. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट वीज घेतो; तेवढ्या विजेवर पंचाहत्तर वॅटचे जुने पंखे वीस चालतील आणि हल्ली मिळणारे तीस वॅटचे पंखे पन्नास चालतील. शिवाय एसी हवा थंड करतो, तर वरचा स्लॅब ती पुन्हा तापवीत असतो. दोघांच्या भांडणाचे बिल घरधनी भरतो. आणि ज्या दुपारी सगळ्या गावाला एसी हवा असतो, नेमक्या त्याच दुपारी वीज जाते.

तेव्हा प्रश्न असा उरला की, मातीच्या घराकडे परत जाणे शक्य नाही आणि सर्वांना ते हवेही नाही. मग जुन्या घराला जे समजले होते, ते नव्या घराला शिकवता येईल का? आम्ही या दृष्टीने थोडे वाचले, थोडे हिंडलो.

हिंडताना प्रथम वर्ध्याला गेलो. वर्ध्याचे ऊन आपल्यापेक्षा कमी नाही, किंबहुना अधिकच. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. तिथली आदी निवास, बापूकुटी ही घरे माती, बांबू आणि कवेलू यांची आहेत. आजही उन्हाळ्यात बापूकुटीत पाऊल टाकल्याबरोबर फरक कळतो. जाड भिंत, भिंतीभोवती पडवी, वर कवेलूंमधून खेळणारी हवा. वर्ध्यालाच १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले. तिथे शंकूच्या आकाराचे मातीचे भाजलेले पेले एकात एक बसवून त्यांची कमान करतात आणि त्या कमानींचे छत करतात. लाकूड जवळजवळ लागत नाही, पेल्यांच्या पोटात हवा अडकून राहते, आणि कुंभाराला काम मिळते. केरळात आयुष्य वेचलेले लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी स्लॅबच्या आतच कवेलू बसविण्याची युक्ती लोकप्रिय केली. काँक्रीट वाचते आणि उष्णताही काही अंशी अडते.

मग सूर्याचा हिशेब मांडला. नार्नूर विषुववृत्तापासून साडेएकोणीस अंश उत्तरेला आहे. याचा अर्थ मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस असे दोन दिवस मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. या दोन दिवसांच्या दरम्यान तर तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या २२ तारखेला मात्र तो दक्षिणेकडे कलून फक्त सत्तेचाळीस अंश उंचीवर राहतो. आता दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढला, तर मार्चच्या २१ तारखेला मध्यान्ही त्याची सावली सव्वाचार फूट खाली येते. छज्जाला लागून असलेली चार फुटी खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात तीच सावली जेमतेम दीड फूट उरते आणि खालच्या अडीच फुटांतून ऊन थेट खोलीत येते. पंचांगात जे आहे, तेच छज्जात उतरवायचे. एक पैशाची वीज न लागता उन्हाळ्यात सावली आणि पौषात ऊन मिळते.

दक्षिण म्हटली की आपल्याकडे भुवया उंचावतात. वास्तुशास्त्राच्या नावाखाली दक्षिणेला भिंत कोरी ठेवून पश्चिमेला मोठी खिडकी ठेवलेली घरे आम्ही कितीतरी पाहिली. पश्चिमेचे ऊन दुपारनंतर तिरके, खिडकीच्या समोरूनच येते. त्याला कोणताही छज्जा पुरत नाही. तिथे झाड, पडवी किंवा न्हाणीघर यांचीच आडभिंत हवी. ज्यांना दक्षिणेचे दार नको असेल त्यांनी ते ठेवू नये, परंतु दक्षिणेच्या खिडकीला यमधर्माची हरकत असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

काकूंच्या म्हणण्याला मान देऊन आणि हे सगळे ध्यानात घेऊन भावकीने अखेर मधला मार्ग काढला. पुढच्या भागावरील माळवदाची माती उतरवली, त्यामुळे भिंतींवरचा भार गेला. वाळवी लागलेल्या दोन तुळया बदलल्या, चांगल्या सागवानाचा उतरता सांगाडा करून त्यावर कवेलू चढविले. माजघराच्या जाड भिंती तशाच राखल्या, त्यांना माथ्याशी पट्टा बांधून घेतला. जमिनीवर शहाबादी फरशी घातली, सारवण संपले. मागे परसात काकूंसाठी विटांच्या दोन नव्या खोल्या आणि आत न्हाणीघर बांधले, वर स्लॅब. नव्या खोल्यांच्या पश्चिमेला न्हाणीघर आणि धान्याची कोठी ठेवली. खिडक्या दक्षिण-उत्तर, समोरासमोर. छताला लागून झरोके, म्हणजे तापलेली हवा तिथून निघून जावी. मेस्त्रीला बेकर यांची स्लॅबमधली कवेलू समजावून सांगितली, तेव्हा त्याने सरळ मान हलवली. त्याने तसे कधी केले नव्हते आणि आमच्या घरावर तो शिकणार नव्हता. शेवटी साध्या स्लॅबवरच जुनी उतरलेली कवेलू उपडी मांडून त्यावर विटांचे तुकडे आणि चुना यांचा कोबा करायचे ठरले. मेस्त्री म्हणाला, ‘‘साहेब, स्लॅबवर कवेलू? लोक हसतील.’’ लोक हसले. दर होळीनंतर त्या कोब्यावर चुन्याचे दोन हात मारले जातात, तेव्हा अजूनही काही जण हसतात.

पांढरा चुना हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय. नुसते सिमेंट अंगावर पडलेल्या उन्हाचा मोठा भाग पिते, तर ताजा पांढरा चुना बहुतेक ऊन परत पाठवतो. धुळीने तो मळतो, म्हणून दरवर्षी नवा द्यावा लागतो, एवढेच. तेलंगणा शासनाने एप्रिल २०२३ मध्ये शीतछत धोरण जाहीर केले. पाच वर्षांत राज्यात तीनशे चौरस किलोमीटर छते अशी परावर्तक करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. त्यांपैकी दोनशे हैदराबादेत. सक्ती सरकारी व व्यापारी इमारतींना आणि सहाशे चौरस यार्ड किंवा अधिक भूखंडावरील घरांना. त्याआधी केंद्र शासनाने २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जासंवर्धन संहिता आणली आणि डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’. तीत भिंतींतून आणि छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे, पण तीही पाचशे चौरस मीटर आणि त्यावरील भूखंडांपुरती. आयुष्य शासकीय कागदपत्रांत गेल्यामुळे अशा मर्यादांचे कारण आम्हांस समजते. लहान घरांची तपासणी करायला माणसे कुठून आणायची? परंतु परिणाम असा होतो की, ज्याच्याकडे एसी आहे त्याच्या इमारतीला संहिता मिळते आणि ज्याच्याकडे छताचा पंखाही धड नाही, त्याचे घर संहितेबाहेर राहते. नार्नूरसारख्या गावात घराचा कायदा शेवटी मेस्त्री ठरवतो. तेव्हा मेस्त्रीला पटवणे हेच खरे धोरण.

चार उन्हाळे झाले. नव्या खोलीचा स्लॅब रात्री हाताला कोमट लागतो, तव्यासारखा लागत नाही. हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात काकू दहा वाजल्यापासून पोथी घेऊन बसतात. पंखा पुरतो, एसी अद्याप आलेला नाही. सगळेच साधले असे मात्र नाही. ऑगस्टमध्ये हवा पडते आणि दमटपणा वाढतो, तेव्हा या साऱ्या युक्त्या फिक्या पडतात. आणि मे महिन्यात बारा वाजले की काकू आपली उशी उचलून जुन्या माजघरात जातात. नवी खोली कशी आहे, असे आम्ही विचारले असता म्हणाल्या, ‘‘रातीला चांगली आहे. पाण्याला चांगली आहे. दुपार मात्र आजोबांच्या भिंतीचीच.’’ म्हणजे मातीच्या भिंतीची बरोबरी विटा-स्लॅबने झाली नाही. जवळपास पोचता आले, एवढेच म्हणता येईल. सारवण गेले आणि थोडा गारवाही गेला. हा सौदा काकूंना मान्य आहे आणि त्यांना मान्य असेल तर आम्हांसही मान्य.

हे लिहिण्याचा हेतू एवढाच की, पुढच्या दहा वर्षांत आपल्या घराण्यांची बहुतेक जुनी घरे उतरवली जाणार आहेत. ती सगळी राखावीत असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. परंतु पाडण्यापूर्वी एक दिवस त्या घरात वही-पेन्सिल घेऊन बसावे. ओसरी कोणत्या दिशेला आहे, कोणत्या भिंतीला खिडकी नाही आणि का नाही, वारा कुठून येतो, आजी दुपारी कुठे झोपत असे, ते लिहून घ्यावे. मग मेस्त्रीकडे जाताना चार गोष्टी ठामपणे सांगाव्यात : पश्चिमेला मोठी खिडकी नको, दक्षिणेच्या खिडकीवर दीड फूट छज्जा हवा, वारा आरपार जाईल अशा समोरासमोर खिडक्या हव्यात, आणि छत पांढरे हवे. या चार गोष्टींना फारसा जादा खर्च येत नाही. घरात शक्य असेल तर एक खोली तरी जाड भिंतीची ठेवावी. आणि परसातील कडुनिंब शेवटी तोडायचा की नाही याचा निर्णय मे महिन्यात, त्याच्या सावलीत बसूनच घ्यावा.